पायाखालचे सागवान

मराठी माणसाच्या घरात लाकूड डोक्यावर असते, पायाखाली नसते. तुळया, वासे, कडीपाट हे सारे मान वर करून पाहावयाचे. वाड्याची माडी फळ्यांवर उभी असली, तरी त्या फळ्यांवर मातीचा जाड थर घालून तो चोपून सारवून घ्यावयाचा, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे लाकडावर उभे राहूनही आपण चालत असतो ते मातीवरच. पुढे शहाबादी फरशी आली, मग कोट्याची आली, मग आरशासारख्या चकाकणाऱ्या लाद्या आल्या; पण पावलाखाली फळी काही आली नाही. म्हणून सरकारी हुकमाने एखादा मराठी अधिकारी सिमल्याला, शिलाँगला किंवा आमच्यासारखा निलगिरीत जाऊन पडतो, तेव्हा तेथल्या जुन्या बंगल्याच्या लाकडी जमिनीशी कसे वागावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. बादलीभर पाणी ओतून ती धुवावी, तर फळ्या पाणी पिऊन कडांशी उचलतात; न धुवावी, तर घरच्या गृहलक्ष्मीला स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नाही.

आमच्या आजोळी कोकणात दर आठवड्याला घर सारवले जाई. आजी शेणकाल्यात बोटे फिरवीत मागे मागे सरकत जाई आणि तिच्यापुढे अर्धवर्तुळांच्या ओळी उमटत जात. त्या सारवणात रंग कोठे गडद, कोठे फिका असे, बोटांचे वळ तर स्पष्ट दिसत. पण जमीन एकसारखी नाही, अशी तक्रार कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही. उलट ती वळणे हेच सारवणाचे रूप मानले जाई. डाग पडलाच, तर त्याचे आयुष्य पुढच्या सारवणापर्यंत. त्या जमिनीला स्मरणशक्ती म्हणून नव्हतीच. लाकडी जमिनीचे दुखणे नेमके येथे सुरू होते. तिला सारे आठवते.

कुन्नूर समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० मीटर उंचीवर आहे. तेथे आमच्या वाट्याला आलेला बंगला शंभरी केव्हाच ओलांडलेला. पुढे काचेची पडवी, मध्ये शेकोटीची मोठी खोली, मागे दोन निजावयाच्या खोल्या, आणि या साऱ्यांची जमीन सागवानी फळ्यांची. साग एवढ्या उंचीवर वाढत नाही. हे लाकूड घाटाखालून वर आलेले. निलगिरीच्या पश्चिमेच्या पायथ्याशी निलंबूर आहे. मलबारचे कलेक्टर कॉनली यांनी १८४० नंतरच्या दशकात तेथे सागाची लागवड सुरू केली, ती जगातल्या सागाच्या अगदी पहिल्या लागवडींपैकी एक मानली जाते. आमच्या फळ्या तेथल्याच, असा आमचा दावा नाही. पण इंग्रजांनी 'टीक' हा शब्द पोर्तुगिजांमार्फत याच मुलखातल्या 'तेक्कु'वरून उचलला, आणि आपला 'साग' मात्र संस्कृत 'शाक' या शब्दातून आला, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते. एकाच झाडाने दोन वाटांनी दोन नावे कमावली! मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागाचे 'त्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज बांधले. ते १८१७ साली पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. समुद्राला दोनशे वर्षे पुरून उरलेले हे लाकूड आमच्या मधल्या खोलीत मात्र हरले होते, आणि तेही एका कुंडीपुढे.

आम्ही पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिव्याच्या उजेडात जमीन बरी दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवे आत आले आणि तिने आपले सगळे दप्तर उघडून दाखवले. उन्हासारखा कठोर तपासनीस लेखापरीक्षण खात्यातही सापडावयाचा नाही. शेकोटीच्या उजवीकडे कुंडीच्या बुडाएवढे काळे वर्तुळ, शाईची दौत उपडी झाल्यासारखे. खोलीच्या मध्यभागी गालिच्याचा मोठा आयत. त्याच्या आतले लाकूड एका रंगाचे, बाहेरचे दुसऱ्या. उत्तरेच्या भिंतीलगत वीतभर रुंदीची काळसर पट्टी. निजावयाच्या खोलीत खिडकीखाली पांढुरके ढग. आणि या सर्वांवर ताण म्हणजे, काही वर्षांपूर्वी कोणा कंत्राटदाराने यंत्र फिरवून ती 'नवी' केली होती. त्या यंत्राच्या लाटा मधल्या खोलीभर उमटलेल्या होत्या. भिंतीच्या कडांना अर्धचंद्राकृती ओरखडे होते, आणि रोगण लावताना ज्या ज्या ठिकाणी कामकरी चहाला उठला असेल, त्या त्या ठिकाणी फळीच्या ऐन मध्यावर एक चकचकीत काठ तयार झाला होता. काही भाग आरशासारखा, काही भाग राखेसारखा. डाग जुन्या रहिवाशांचे होते. पण हा ओबडधोबडपणा दुरुस्तीचा होता, आणि आमच्या मते तोच अधिक बोचणारा.

सौभाग्यवतींनी परिस्थिती पाहिली आणि ट्रंकेतून सोलापुरी सतरंजी काढली. "अहो, तीन वर्षांचा तर प्रश्न," असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमच्या आधीच्या प्रत्येकाने तेच केले असले पाहिजे. गालिच्याचा आयत त्याचीच साक्ष देत होता. कार्यालयात चौकशी केली, तेव्हा एक जुना प्रस्ताव बाहेर निघाला. संपूर्ण जमिनीवर प्लॅस्टिकचे आवरण चिकटवून टाकावे, म्हणजे 'देखभालीचा प्रश्न कायमचा मिटेल,' असे त्यात नमूद होते. कायमचा हा शब्द आम्हांस फाइलीत दिसला की थोडी धास्ती वाटते. लाकूड श्वास घेते हे कवीचे वाक्य म्हणून सोडून द्यावे, पण ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते, हे तर मोजून दाखवता येते. वरून बंद केलेली फळी खालून ओलावा घेत राहिली, तर काही वर्षांत आवरणाखाली भुसा उरतो.

चौकशीअंती एक वृद्ध आसारी आले. तमिळ मुलखात सुताराला आसारी म्हणतात. आमची तमिळ भाषा भाजीबाजारापुढे जात नाही. परंतु आमची कन्या तेथल्या शाळेत सहावीत होती, ती दुभाषी झाली. ती त्यांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणे. ते तिला पाप्पा म्हणत आणि आम्हांस सार. आम्ही त्यांना आत बोलावले, तर ते आत न येता घराबाहेरूनच फेरी मारावयास निघाले. उत्तरेच्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसले आणि फुलांच्या वाफ्यातली माती हातांनी उपसू लागले. हातभर माती बाजूला झाली, तेव्हा बिडाची एक जाळी दिसली. मग दुसरी. मग तिसरी.

झाला प्रकार असा होता. अशा घरांची जमीन भुईला टेकलेली नसते. खाली कमरेपेक्षा कमी उंचीची पोकळी, तिच्यात विटांच्या बुटक्या खांबांवर वासे आणि वाशांवर फळ्या. त्या पोकळीतून वारा खेळावा म्हणून समोरासमोरच्या भिंतींना झरोके ठेवलेले असतात. कोणा पुष्पप्रेमी रहिवाशाने, किंवा एकामागून एक आलेल्या अनेकांनी, वाफा चढवत चढवत उत्तरेकडचे सगळे झरोके पुरून टाकले होते. ओल कोंडली आणि भिंतीलगतच्या फळ्या खालून काळवंडल्या. तो डाग वरून कितीही घासला असता, तरी पुढच्या पावसात परत आला असता. म्हणून आमच्या घराच्या जमिनीची पहिली दुरुस्ती फावड्याने झाली, आणि ती बागेत झाली. सौभाग्यवतींनी लावलेले जिरेनियमचे सहा ताटवे हलवावे लागले. त्याचा त्यांना राग आला, आणि तो रास्तच होता.

हे सप्टेंबरात. आसारींनी झरोके उघडले आणि पुढचे काम जानेवारीत, असे सांगून ते निघून गेले. कुन्नूरला दोन पाऊसकाळ आहेत. नैऋत्येचा पाऊस आपला परिचयाचा. तो ओसरतो न ओसरतो, तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडून दुसरा येतो, आणि कुन्नूरला तोच अधिक झोडपतो. धुके खिडकीतून आत येऊन कपाटात बसते. अशा हवेत उघडे केलेले लाकूड वाळत नाही, आणि लावलेले पॉलिश वाळताना हवेतले पाणी ओढून पांढरे पडते. जानेवारी ते मार्च एवढेच काय ते कोरडे महिने. दिल्लीहून निघणारे कागद या हवामानाशी फारसे जुळते घेत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. आमच्या बदलीचे वारेही उन्हाळ्याच्या तोंडीच वाहतात.

मधल्या चार महिन्यांत आम्ही एकच केले. मधल्या खोलीत काहीही अंथरले नाही आणि पडदे उघडे ठेवले. सागाची एक खोड आहे. ताजे रंधलेले सागवान ठिगळ्याठिगळ्यांचे दिसते, कोठे हिरवट, कोठे मातकट. पण त्याला उजेड मिळाला की काही आठवड्यांत ते आपण होऊन सोनेरी तपकिरी रंगावर स्थिरावते. गालिच्याखाली अडकलेल्या आयताला इतकी वर्षे उजेडच मिळाला नव्हता. ऑक्टोबरात त्याची कड बोथट झाली. नाताळापर्यंत ती शोधावी लागू लागली. त्याच सुमारास सौभाग्यवतींच्या हातून जेवणाच्या मेजाखाली हळदीच्या वरणाची वाटी कलंडली. डाग पुसून पिवळा ठसा राहिलाच. पण ती जागा नेमकी खिडकीखालची असल्याने पंधरा दिवसांत उन्हाने तो खाऊन टाकला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, हे पंच्याचे पिवळे डाग वाळत घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींस पूर्वीपासून माहीत आहे. सर्व डाग घासून काढावयाचे नसतात. काहींना नुसते उघडे ठेवावे लागते. फाइलींविषयी आम्ही असे म्हणणार नाही.

जानेवारीत आसारी आले ते हत्यारांची पेटी न आणता. प्रथम त्यांनी उंबऱ्याजवळची पितळी पट्टी काढली आणि फळीची उघडी पडलेली कड आम्हांस दाखवली. अशा फळ्यांना एका बाजूस जीभ आणि दुसऱ्या बाजूस खाच असते. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते आणि खिळा त्या जिभेतूनच तिरपा मारलेला असल्यामुळे वरून दिसत नाही. फळी जाड असली, तरी घासण्याजोगे लाकूड म्हणजे फक्त जिभेच्या वरचे. ते मुळात आठ मिलिमीटर असावे. आता चारच्या आसपास उरले होते. आसारींनी दोन बोटे वर केली. कन्येने भाषांतर केले, "आणखी दोनदा घासता येईल." मग ते यंत्राच्या लाटांकडे पाहून काही बोलले आणि त्यांनी एक बोट मिटले. या लाटा यंत्रानेच पुसावयाच्या, तर एवढे खोल जावे लागेल की मग उरेल ते एकदाच. त्यानंतर खिळे वर येतील आणि जमीन उपटून टाकण्यावाचून गती राहणार नाही.

तोपर्यंत हा डागांचा आणि चकाकीचा प्रश्न होता. त्या मिटलेल्या बोटाने तो निराळा झाला. लागवडीतला सागसुद्धा तोडणीला यावयास पन्नास-साठ वर्षे घेतो, आणि आज अशा प्रतीच्या फळ्या एखाद्या खात्याच्या अंदाजपत्रकात बसतील, हे संभवत नाही. तीन वर्षांच्या पाहुण्याने शंभर वर्षांच्या लाकडातल्या उरलेल्या दोन संधींपैकी एक आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी खर्ची घालावी काय? आमच्या आधीच्या कोणी तरी ती बिनदिक्कत घातली होती, आणि मोबदल्यात लाटा मिळवल्या होत्या. आम्ही त्या रात्री बराच वेळ शेकोटीपुढे बसून होतो. सौभाग्यवतींनी शेवटी विचारले, "हे सगळे आपण कोणासाठी करायचे?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तथापि त्यांनी दुसऱ्या दिवशी सतरंजी पुन्हा ट्रंकेत घातली, ती स्वतःच.

ठरले ते असे. यंत्र आणावयाचे नाही. पातळ पोलादी पाते दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनी किंचित वाकवून, लाकडाच्या तंतूंच्या दिशेने ओढीत फक्त जुन्या रोगणाचा पापुद्रा आणि ओरखड्यांचे माथे काढावयाचे. जमीन सपाट करावयाची नाही. उंबऱ्याजवळ पावलांनी झालेली उथळ खळगी तशीच ठेवावयाची. ती झिजण्यातून झालेली आहे, तिला बिघाड म्हणणे अन्यायाचे. कार्यालयाकडे रीतसर परवानगी मागितली. ती 'खर्चाची भरपाई मागणार नाही या अटीवर' आठ दिवसांत आली. इतक्या लवकर आलेली मंजुरी आमच्या सेवाकालात दुसरी नाही.

पाते धारेने कापत नाही, धारेच्या काठावर वळवलेल्या सूक्ष्म आकड्याने कापते. तो आकडा नीट असला, तर लाकडाच्या पारदर्शक साली निघतात. मोडला, तर नुसता भुसा पडतो. आसारी दर पाच मिनिटांनी थांबून तो आकडा पुन्हा वळवीत. एका दिवसात दोन खाटा मावतील एवढी जागा होई. त्यानंतर पॉलिश पेपर: आधी ६० नंबरचा, मग ८०, मग १२०, आणि मधली पायरी गाळावयाची नाही. जाड कागदाचे ओरखडे बारीक कागद पुसत नाही. तो त्यांना नुसता तुळतुळीत करतो, आणि पॉलिशचा पहिला हात बसताच ते एकूणएक जागे होतात. आडव्या ओरखड्यांचे तर विचारूच नये. संध्याकाळी दिवे मालवून कन्या बॅटरी जमिनीलगत आडवी धरी आणि उजेडात जेथे रेघ दिसेल तेथे खडूची खूण करी. तिला हा खेळ फार आवडला. एरवी अभ्यासाला बसा म्हटले की ज्यांची पाठ दुखते, त्यांपैकी ती एक. पण या कामी ती तासतासभर पालथी पडून राही.

जमीन उघडी झाल्यावर कुंडीचे वर्तुळ अधिकच काळे दिसू लागले. त्याचा उलगडा मराठी माणसास सोपा आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे आपल्या पंतोजींस ठाऊक होते. हिरड्यात तुरट द्रव्य असते, हिराकसात लोखंड. सागवानातही ते तुरट द्रव्य थोडेफार असते. कुंडीखालच्या लोखंडी तिवईचा गंज पाण्याबरोबर फळीत उतरला, आणि तेथे कोणी दौत न ठेवताच शाई तयार झाली. ही शाई लाकडाच्या आत झालेली असल्याने घासून ती निघत नाही. घासत गेले, तर आधी फळी संपते. तिला उतारा ऑक्झॅलिक आम्लाचा. हे आम्ल लोखंडाला धरून पाण्यात विरघळेल अशा रूपात आणते आणि काळेपणा जातो. आपल्या आंबुशीच्या पानांतला आंबटपणा याच आम्लाचा, आणि अळवाची खाज त्याच्याच चुनखडीशी झालेल्या संयोगाच्या सुईसारख्या स्फटिकांची. एवढ्या घरोब्यामुळे त्याला साधे मात्र समजू नये. पेढीवर मिळणारे त्याचे स्फटिक विषारी असतात. हातमोजे, तोंडावर फडके, उघड्या खिडक्या आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवणे, हे सारे हवेच.

आसारींनी कोमट पाण्यात ते विरघळवले आणि नुसत्या डागावर न लावता सबंध फळीभर, एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत पसरले. डागापुरते लावले, तर काळ्या वर्तुळाच्या जागी पांढरे वर्तुळ उरते. रात्रभर वाळू दिले, सकाळी स्वच्छ ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसून काढले, कारण वाळून राहिलेल्या आम्लाची भुकटी पुढे घासताना नाकात जाते. पहिल्या हाताने काळ्याचा जांभळट करडा झाला. दुसऱ्याने फिका करडा. आम्ही तिसऱ्याची वाट पाहत होतो. पण आसारींनी भांडे उचलून ठेवले. आता फळीचा स्वतःचा रंग उडू लागेल, असे ते म्हणाले. ते करडे वर्तुळ राहिले. ढगाआडच्या चंद्राएवढे, माहीत असलेल्यालाच दिसेल इतपत.

पॉलिशच्या बाबतीत आमचे त्यांच्याशी थोडे वाजले. आम्हांस पॉलियुरेथेन हवे होते. ते काचेसारखे कठीण, पाण्याला दाद न देणारे, कार्यालयातील सर्वांनी शिफारस केलेले. आसारी आम्हांस निजावयाच्या खोलीत घेऊन गेले. तेथे यंत्र पोहोचले नव्हते. जुने लाखेचे पॉलिश तसेच होते, आणि खिडकीखालचे ते पांढुरके ढग त्यावरच होते. त्यांनी फडके स्पिरिटात जेमतेम भिजवून, पिळून, ढगावरून अलगद दोनदा फिरवले. ढग नाहीसा झाला. धुक्याचे पाणी लाखेच्या पापुद्र्यात अडकले होते. स्पिरिटाने पापुद्रा क्षणभर सैल झाला आणि पाणी निघून गेले. लाखेची हीच थोरवी आहे. तिचा नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून तिची दुरुस्ती तळहाताएवढ्या जागेपुरतीही करता येते. त्या काचेसारख्या पॉलिशचे तसे नाही. ते पुष्कळ वर्षे टिकते हे खरे; पण एका जागी गेले की ठिगळ लपत नाही, आणि मग सबंध खोली पुन्हा घासावी लागते. घासण्याच्या दोनच संधी उरलेल्या जमिनीला हे परवडणारे नव्हते. ज्यांच्या फळ्या नव्या आणि जाड आहेत, त्यांनी खुशाल ते लावावे.

लाखेवर गरम भांडे ठेवता येत नाही आणि सांडलेले पाणी लगेच पुसावे लागते, हा तिचा दोष आम्ही लपवीत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लक्षावधी बारीक किडे जो राळेसारखा कोष करतात, तीच ही लाख; ती शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की चपडा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची झळाळी तिचीच. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली तिच्या संशोधनासाठी खास संस्था निघाली. सौभाग्यवतींना मात्र लाख म्हटल्याबरोबर लाक्षागृह आठवले. ही शंका अगदीच अस्थानी नव्हती, कारण वाळलेला चपडा सोडा, पण त्यातले स्पिरिट पेट घेण्यास टपलेले असते. ते काम चालले तितके दिवस शेकोटी पेटली नाही आणि आम्ही घरात कानटोप्या घालून वावरलो.

लावण्याच्या आधी आसारींनी सगळी जमीन स्पिरिटाच्या फडक्याने पुसली. सागाच्या अंगचे तेल वर आलेले असते, ते राहिले तर पॉलिश धरत नाही. चपडा त्यांनी आदल्या दिवशी ताजाच भिजवला होता. महिनोन्‌महिने ठेवलेला चपडा म्हातारा होतो आणि वाळता वाळत नाही. दाराच्या समोरच्या भिंतीपासून दाराकडे, एका वेळी दोन फळ्या, पण त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता. मधे श्वास घेतला तर चालेल, हात थांबता कामा नये. चकचकीत काठ तयार होतो तो तेथेच. त्या कामाच्या वेळी कोणी हाक मारावयाची नाही, असा घराला हुकूम होता. तीन पातळ हात, प्रत्येकानंतर बारीक कागदाचा हलका स्पर्श, आणि शेवटी मेण. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तेच आडवे ऊन त्याच खिडकीतून आत आले. लाटा बहुतेक गेल्या होत्या. खिडकीपाशी निरखून पाहिले, तर दोनतीन उरलेल्या दिसत. आयत नव्हता. उत्तरेची पट्टी फिकट झाली होती, पूर्ण नव्हे. ती वाळण्यास आणखी एक उन्हाळा लागेल, असे आसारी म्हणाले.

तो उन्हाळा आमच्या वाट्याला नव्हता. मे महिन्याच्या प्रारंभी बदलीचा हुकूम आला. भुवनेश्वर. तेथे जमीन सिमेंटची आहे.

बंगला सोडताना भरून द्यावयाच्या यादीत 'जमीन' या शब्दापुढे एक इंच जागा असते. आम्हांस बंगला मिळाला तेव्हा त्या एका इंचात 'समाधानकारक' असे लिहिलेले होते. आम्ही त्या शब्दावर काट मारली आणि पुरवणी कागद जोडला. झरोके उत्तरेस पाच, दक्षिणेस पाच, बिडाचे. वाफा तीन हात दूर ठेवावा. जिभेवरचे लाकूड चार मिलिमीटर. पॉलिश लाखेचे, पांढरे पडल्यास स्पिरिट, यंत्र नको. लोखंडी वस्तूखाली पाणी राहू देऊ नये. संबंधित लिपिकाने कागद दोनदा वाचला आणि हा कोणत्या सदरात नोंदवावा, असे आम्हांस विचारले. सदर सापडले नाही. तो यादीच्या पाठीमागे टाचणीने लावला गेला.

जूनच्या अखेरीस आमच्या जागी आलेल्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. ते पंजाबचे. शेकोटीच्या उजव्या बाजूला एक अंधुक गोल डाग आहे, त्यावर कुंडी ठेवली तर तो झाकला जाईल, ठेवावी काय, असे त्यांनी मोठ्या अदबीने विचारले. आम्ही म्हटले, ठेवा, पण खाली चिनी मातीची खोल ताटली असू द्या आणि आठवड्यातून एकदा ती उचलून पाहा. मग सप्टेंबरात, दुसऱ्या पावसाच्या आधी, झरोके पाहून घेण्याविषयी सांगितले. किती झरोके, असे त्यांनी विचारले. दहा, असे आम्ही सांगितले, आणि पलीकडे ते लिहून घेतल्याचा आवाज आला.